मुका भोंगा

शांततेची स्तोत्रे गाणारी माणसे बहुधा अशा ठिकाणी राहत असावीत, की जिथे आवाज बंद पडला म्हणून कोणाची चूल बंद पडत नाही. आम्हां काळाचौकीकरांना ती चैन कधी परवडली नाही. आमच्या भागात आवाज ही उपद्रवाची नव्हे, खुशालीची खूण होती. दिग्विजय मिल, इंडिया युनायटेडच्या गिरण्या आणि पलीकडचा लालबाग-परळचा सगळा गिरणगाव यांचे भोंगे पाळीपाळीला वाजत. पहिल्या भोंग्याला नळावर बादल्यांची रांग लागे, दुसऱ्याला चाळीचे जिने धडधडत. आणि त्यानंतर कोणी डबा सावरीत धावताना दिसला, तर त्याचा आज खाडा होणार हे शेंबड्या पोरालाही कळे. घरात घड्याळ असे, पण ते शोभेला. वेळ सांगायचा मान भोंग्याचा. चाळीत नवीन आलेला बिऱ्हाडकरू पहिल्या आठवड्यात भोंग्याने दचकून उठे, आणि महिन्याभराने भोंगा वाजला नाही तर दचकून उठे.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार गिरण्यांबाहेर आले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. संप मिटला असे कोणी रीतसर जाहीर केले नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याच्याबरोबर भोंगेही विरत गेले. तेव्हापासून शांतता या वस्तूविषयी माझे मत जरा वाकडेच आहे. कुठे काही वाजत नाही असे दिसले, की चारचौघांना ‘सगळे ठीक आहे’ असे वाटते. मला मात्र वाटते, वाजणारी वस्तू शाबूत आहे ना, हे कोणी पाहिले आहे काय?

हा माझा संशयी स्वभाव वेडेपणाचा नाही, असे मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला. ते म्हणजे कॉटन ग्रीनकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका गाळ्यातले मिस्त्री. संपाच्या वेळी ते विशीतले बदली कामगार होते. संपाने गिरणीचे दार मिटले तेव्हा ते दारूखान्यात जाऊन इंजिने खोलायला शिकले, आणि गेली कित्येक वर्षे होडीच्या पाठीला टांगायची आउटबोर्ड इंजिने दुरुस्त करीत आहेत. मी मुनसिपालटीच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. दुपारी चहानंतर मला कुठेतरी बसायला लागते. मिस्त्रींच्या गाळ्यात एक तीन पायांचे स्टूल आहे आणि चौथ्या पायाच्या जागी तेलाचा रिकामा डबा आहे. ती माझी जागा.

काळाचौकीत होडीचे इंजिन कशाला, असे ज्यांनी आमचा भाग फक्त गणपतीच्या गर्दीत पाहिला आहे त्यांना वाटेल. पण गिरणगाव आणि समुद्र यांच्यामध्ये काय ते रेल्वेचे रूळ आणि गोद्यांच्या भिंती. रूळ ओलांडले की बंदराचा मुलूख लागतो. वरच्या अंगाला शिवडी, खाली रे रोडचा दारूखाना, त्याच्याही पुढे माझगाव आणि भाऊचा धक्का. दारूखान्यात जुनी जहाजे मोडीत निघत आली, आणि मोडलेल्या जहाजाच्या पोटातली एकूण एक वस्तू तिथल्या दुकानांत हारीने मांडलेली मी पाहिली आहे. धक्क्यावरून मोरा आणि रेवस इथे लाँच सुटतात. तेव्हा भिंतीपलीकडच्या खाऱ्या पाण्याचे काम भिंतीअलीकडच्या गाळ्यात आले, तर त्यात नवल नाही.

आउटबोर्ड हे मोठे आटोपशीर यंत्र. डोके वर, पंखा पाण्यात, आणि दोन चापांनी सगळे होडीच्या मागच्या फळीला धरलेले. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली ते मिल्वॉकी शहरात विकायला काढले. त्याची एक गोड गोष्ट सांगतात. उन्हाळ्याच्या दिवसांत तळ्याकाठी सहलीला गेले असता त्यांच्या प्रिय मैत्रिणीला आइस्क्रीम हवेसे झाले. हे वल्ही मारीत तळ्यापलीकडे गेले आणि परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले. त्या चिडीतून इंजिन जन्माला आले म्हणे. आइस्क्रीमचे खरे-खोटे देव जाणे. पण पुढे त्या बाईंशी त्यांचे लग्न झाले आणि धंद्याची बाजू बाईंनीच सांभाळली, हे मात्र खरे. एव्हिनरूड हे नाव इंजिनावर शंभर वर्षांहून अधिक टिकले. २०२० साली त्याचे उत्पादन बंद झाले.

मिस्त्रींकडे येणारी बहुतेक इंजिने टू स्ट्रोक जातीची, म्हाताऱ्या वयाची. धुराच्या कारणाने ही जात जगभर मागे पडत चालली आहे. पण वजनाला हलकी, खोलायला सोपी, म्हणून जुनी इंजिने अजून तग धरून आहेत. या इंजिनाची एक गोष्ट ऐकून मला पहिल्याच दिवशी माझ्या वडिलांची आठवण झाली. वडील गिरणीत ऑइलर होते; साध्या भाषेत तेलवाले. लांब चोचीचा डबा घेऊन कताईखात्यात फिरायचे आणि लोखंड लोखंडावर घासते तिथे तेल सोडायचे, हे त्यांचे काम. यंत्र चालवणारा वेगळा आणि त्याला तेल देणारा वेगळा. टू स्ट्रोकमध्ये असा वेगळा तेलवाला नसतो. मोटारगाडीच्या इंजिनाला खाली तेलाचे कुंड असते. याला ते ठेवता येत नाही. कारण क्रँक ज्या कोठीत फिरतो, त्याच कोठीतून हवा आणि पेट्रोल वर सिलिंडरकडे जाते. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळून द्यायचे. ते जाता जाता बेअरिंगांना माखते, पिस्टनला माखते, आणि शेवटी स्वतः जळून निळा धूर होऊन जाते. सामान्यतः पन्नास लिटर पेट्रोलला एक लिटर तेल, म्हणजे लिटरमागे वीस मिलिलिटर. इंजिन नवे असेल तर सुरुवातीचे काही तास त्याच्या दुप्पट. तेलही ‘टीसी-डब्ल्यू थ्री’ असा शिक्का असलेले हवे. स्कूटरचे तेल हवेने थंड होणाऱ्या तापट इंजिनासाठी केलेले असते. होडीच्या इंजिनात त्याची राख मागे साचते.

हे मिश्रण हाताने करायचे म्हणजे माणसाच्या स्मरणशक्तीवर इंजिनाचा जीव. म्हणून १९८० नंतरच्या दशकात मोठ्या आउटबोर्डांत तेलाची निराळी टाकी आणि एक छोटा पंप देण्याची पद्धत रूढ झाली. इंजिन सावकाश चालत असेल तर पंप थोडे तेल देतो, जोरात चालले की जास्त देतो. माणूस मोकळा झाला. पण माणसाची गंमत अशी, की एका काळजीतून सुटण्यासाठी तो जी युक्ती काढतो, तिची काळजी त्याला नव्याने लागते. टाकी रिकामी झाली तर? म्हणून टाकीत एक फ्लोट बसवला. एक दांडी, तिच्यावर वरखाली सरकणारा तरंगता गोळा, गोळ्यात लोहचुंबक, आणि दांडीच्या पोटात काचेच्या नळीत बंद केलेल्या दोन पातळ पट्ट्या. याला रीड स्विच म्हणतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली तो शोधला. तेल उतरले की गोळा उतरतो, चुंबक पट्ट्यांजवळ येतो, पट्ट्या एकमेकींना चिकटतात, आणि सुकाणूपाशी बसवलेला बझर किंचाळतो. मिस्त्री त्याला बझर म्हणत नाहीत. गिरणीत काढलेली उमेद अंगातून जात नसते. ते त्याला भोंगा म्हणतात.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता रायगडच्या किनाऱ्यावरचा एक तरुण चाळीस घोड्यांचे जुने इंजिन टेम्पोत घालून आला. पर्यटकांना बोटीतून फिरवायचा त्याचा धंदा. इंजिन उतरवायच्या आधीच तो म्हणाला,

“मिस्त्री, बाकी सर्व्हिसिंग करा तेव्हा करा. आधी तेवढी भोंग्याची वायर कापून द्या.”

“का रे बाबा?”

“मध्येच बोंबलतो. टाकीत तेल काठोकाठ असतं, तरी बोंबलतो. बोटीत सात-आठ माणसं असतात, बाया घाबरतात, पोरं रडायला लागतात. धंद्याची खोटी होते हो!”

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. “लांब वाजतो की तुटक?”

“आता ते कोण बघत बसलंय? वाजतो.”

“आठवून सांग.”

तरुणाने डोळे मिटून आठवले. “लांब. सलग वाजतो.”

“मग तो तेलाचं बोलतच नाहीये,” मिस्त्री म्हणाले.

त्या इंजिनात एकाच भोंग्याला दोन कामे लावलेली होती. तेल कमी झाले तर तो तुटक वाजायचा आणि इंजिन तापले तर सलग. सगळ्या इंजिनांची भाषा एक नसते. काहींत आवाजाच्या जोडीला हिरवा, पिवळा, तांबडा असे दिवे असतात, काहींत इंजिन आपण होऊन वेग उतरवते. म्हणून ज्याचे त्याचे पुस्तक पाहावे लागते. मिस्त्रींनी इंजिन पाण्याच्या पिंपात उभे करून चालू केले. कोरडे चालवायचे नसते; आतला पाण्याचा रबरी पंखा तेवढ्याने जळतो. इंजिनाच्या पाठीमागून पाण्याची जी बारीक धार जोमाने सुटायला हवी, ती म्हाताऱ्याच्या बोलण्यासारखी अडखळत पडत होती. खालचा भाग उघडला तेव्हा रबरी पंख्याच्या दोन पाकळ्या तुटलेल्या आणि बाकीच्या वाळूने झिजलेल्या निघाल्या. इंजिन थंड होतच नव्हते. भोंगा बिचारा महिनाभर खरे सांगत होता, आणि त्याची जीभ कापायची सुपारी घेऊन मालक टेम्पोने आला होता!

दुसरा एखादा कारागीर इथे थांबला असता. पंखा बदलला, दोष सापडला, पैसे घेतले. पण मिस्त्रींची तपासणीची एक रीत आहे आणि ती ते कोणासाठीही मोडत नाहीत. भोंगा वाजला म्हणून तो शहाणा ठरत नाही आणि वाजला नाही म्हणून तर मुळीच नाही. त्याला प्रत्येक कारणासाठी वेगवेगळे वाजवून पाहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. किल्ली फिरवताच भोंगा क्षणभर वाजला. “याने एवढंच कळलं की बॅटरी आहे आणि भोंग्याला गळा आहे,” मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी तापमानाच्या स्विचची वायर सोडवून इंजिनाच्या अंगाला टेकवली. भोंगा सलग वाजला. तापाची वाट मोकळी होती. मग त्यांनी टाकीचे झाकण उघडून फ्लोटची दांडी तेलातून वर उचलली. तेल नाही, तेव्हा गोळा खाली यायला हवा आणि भोंगा तुटक वाजायला हवा. तसे काही झाले नाही. काही इंजिनांत ही परीक्षा नुसत्या किल्लीवर होत नाही, इंजिन चालू असावे लागते. म्हणून त्यांनी तेही करून पाहिले. भोंगा मुका!

पाहतो तो गोळा दांडीला वरच्या बाजूलाच चिकटून बसला होता. बंद हंगामात पडून राहिलेले तेल पाकासारखे दाट झाले होते आणि त्यात त्याचा पाय रुतला होता. टाकी तळापर्यंत आटली असती, तरी तो वरच बसून ‘भरपूर आहे, भरपूर आहे’ म्हणत राहिला असता. मिस्त्रींनी दांडी रॉकेलने धुऊन पुसली. गोळा सुटला, तरी भोंगा गप्पच. मग मीटर लावला. गोळा खाली नेला की मीटर वाजे, वर नेला की थांबे. म्हणजे स्विच शाबूत होता. दोष पुढे, वायरीच्या जोडात. खाऱ्या हवेने तिथे हिरवा कळंक चढला होता. तो घासला, जोड पक्का केला, दांडी पुन्हा उचलली, आणि तो तुटक तुटक आवाज गाळ्यात घुमला तेव्हा, खोटे कशाला सांगू, मला एखादे मूल पहिल्यांदा रडल्याचा आनंद झाला.

तरुणाचा चेहरा मात्र उतरला होता. ज्या आवाजाला तो शिव्या देत होता तो खरा निघाला होता, आणि ज्या शांततेवर त्याने सात-आठ माणसांचा जीव सोपवला होता ती खोटी. तेल संपले की टू स्ट्रोक इंजिन फार वेळ देत नाही. जोर उतरतो, आवाज जाड होतो, आणि पिस्टन सिलिंडरला धरून बसतो. ओहोटी चालू असेल तर बोट मग माणसाच्या मर्जीने जात नाही, पाण्याच्या मर्जीने जाते.

समुद्रावरची मुकी आपत्ती काय असते, हे मुंबईला नव्याने सांगायला नको. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातल्या अवसेला, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेंवर माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. सकाळी घडलेली गोष्ट मुंबईला कळायला कित्येक तास लागले. तोवर धक्क्यावर, गिरणगावात, बाजारांत रोजचा दिवस चालू होता. बोट बुडते आहे आणि शहराला काही ऐकू येत नाही, या कल्पनेने आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्या बोटीचे संकट वादळाचे होते, तेलाचे नव्हते. पण ज्याला हाक मारायचे साधन नाही त्याची शांतता आणि जो सुखरूप आहे त्याची शांतता काठावरून सारखीच दिसते, हे तिने शिकवले.

मिस्त्रींची शेवटची परीक्षा राहिली होती, आणि मला विचाराल तर तीच सगळ्यांत शहाणपणाची. त्यांनी टाकीवर तेलाच्या पातळीशी एक चिकटपट्टी लावली. पेट्रोलच्या डब्यात खबरदारी म्हणून हाताने तेल मिसळले, इंजिन सुरू केले, आणि ते स्वस्थ बिडी ओढत बसले. मी विचारले, आता आणखी काय बघायचे?

“मास्तर, फ्लोटला टाकीत तेल किती ते कळतं. ते इंजिनाला पोचतं की नाही, ते त्याच्या बापालाही कळत नाही. पंप बसला, नळीत हवा अडकली, तर टाकी भरलेलीच राहणार. भोंगा गप्प आणि इंजिन कोरडं. टाकी रिकामी होते त्याची भीती नाही हो. रिकामी होत नाही त्याची भीती.”

बऱ्याच वेळाने पातळी पट्टीच्या खाली उतरलेली दिसली. मिस्त्रींनी समाधानाने मान हलवली. तेल कमी झाल्याचा आनंद झालेला माणूस मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

आणि मला आई आठवली. संपानंतरची दोन-तीन वर्षे वडील घरातच असत. ते ना चिडत, ना रडत. कोणी विचारले तर ‘ठीक आहे’ म्हणत. शेजारीपाजारी त्यांच्या धीराचे कौतुक करीत. बाकीच्या घरांतून भांडणांचे आवाज येत आणि आमच्या खोलीत मात्र देवळासारखी शांतता. आईला ती शांतता मानवत नसे. ती काय करी, तर आठवड्यातून एखाद्या दिवशी मुद्दाम आमटीत मीठ घालीत नसे. आम्हां मुलांना डोळ्यांनी दटावी, आणि पदराने हात पुसत वडिलांच्या तोंडाकडे बघत बसे. पहिला भुरका घेऊन वडील कडाडत, “अगं, मीठ कुठं गेलं?” की तिचा चेहरा उजळे. ती निमूटपणे बरणी पुढे करी, वर चार शब्द ऐकून घेई. नवऱ्याचे बोलणे खाऊन एवढी खूश होणारी बाई चाळीत दुसरी नव्हती.

एका रात्री वडिलांनी ती आळणी आमटी भाताबरोबर शेवटपर्यंत खाल्ली, ताटात पाणी ओतले आणि ते उठले. आईने पुढचे वाढणे टाकले. पायांत चपला न घालता ती तशीच जिना उतरली आणि पलीकडच्या चाळीतून वडिलांच्या खात्यातल्या जुन्या सोबत्यांना बोलावून घेऊन आली. ते दोघे गॅलरीत पहाटेपर्यंत बसले. आत वडिलांचे हुंदके ऐकू येत होते, आणि आई भिंतीला टेकून, कितीतरी दिवसांनी, गाढ झोपली होती.

ही हकीकत मी मिस्त्रींना सांगितली. गळ्यात काही दाटले असेल तर ते दाखवायची त्यांची चाल नाही. ते एवढेच म्हणाले, “तुमच्या आईला गाळ्यात ठेवून घेतलं असतं मी.”

तो तरुण इंजिन घेऊन गेला, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हाताने तीन वेळा दांडी उचलवून भोंगा वाजवून घेतला, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला हे न चुकता करायचे असे बजावले. पोरे आजकाल ऐकतात कुठे, असे मला वाटले होते. पण पहिल्या तारखेला सकाळी मिस्त्रींचा मोबाइल वाजतो. पलीकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही. लाटांची खळखळ, आणि त्यावर तो तुटक तुटक भोंगा. मिस्त्री तो पुरता ऐकून घेतात, “हां, जा आता” म्हणतात, आणि फोन खिशात टाकून पुढच्या इंजिनाचे झाकण उघडतात.